चहा उशिरा दिसतो

“चहा आधी जीभ भाजतो आणि मग कप येताना दिसतो,” उमाकांत बशीत तोंड घालून पुटपुटला.

बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. पण ओट्यापासून त्याच्या खुर्चीपर्यंत अंतर चार पावलांचं, त्यामुळे निलमला ते ऐकू गेलंच. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याच्या कुरकुरींची वर्गवारी करून ठेवली होती. मिठाची वेगळी, गुडघ्याची वेगळी, तिच्या माहेरच्या माणसांची तर फारच वेगळी. ही त्यातली कुठलीच नव्हती. ही कुरकुर थेट तिच्या हातच्या कामावर होती. उमाकांतला जे काही दिसायचं, ते निलमने बनवलेल्या डब्यातूनच दिसायचं.

डबा म्हणजे अगदी खरा डबा. भाकरी ठेवायचा, स्टीलचा. हर्णै बंदरावरच्या इंजिन मेकॅनिककडून तिने त्याला हवेसाठी भोकं पाडून घेतली होती. आत तळहाताएवढा बोर्ड, एका मोडीत निघालेल्या गेमच्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड, एक पंखा आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचे चार सेल. उमाकांत तो पिशवीत घालून कमरेला बांधायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पेंटर जेवण घेऊन निघालाय.

पन्नाशी उलटल्यावर उमाकांतच्या डोळ्यांतला मधला भाग झिजत गेला होता. होड्यांवर नावं लिहिणारा माणूस तो. ज्या अक्षराकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं आणि आजूबाजूचं धुरकट उरायचं. दोन वर्षांपूर्वी पुण्यात त्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली तिळाएवढी चकती बसवली. चष्म्यातला कॅमेरा समोरचं टिपणार, कमरेचा संगणक त्याचं सोपं चित्र काढणार, आणि चष्मा ते चित्र न दिसणाऱ्या प्रकाशातून चकतीवर टाकणार. चकती त्या प्रकाशाची बारीक वीज करते आणि पुढचं काम मेंदू करतो. अडचण एवढीच, की चकतीवर ठिपके फक्त काही हजार. तेवढ्यात आख्खं जग मावत नाही. म्हणून संगणकाने जग नव्याने काढायचं असतं: नको ते गाळायचं, हवं ते जाड रेघेत उचलायचं. उमाकांतला हे पटकन समजलं. बोर्ड लिहितानाही दुसरं काय करतात?

चकती बसवणारी कंपनी वर्षाच्या आत बंद पडली आणि तिचे संगणक एकेक करून मुके झाले. तेव्हा जगभरच्या पेशंटांनी मिळून एक गट काढला, सगळं सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं आणि फुकट वाटलं. लिनक्सवर चालणारं. ज्याने त्याने आपापला डबा जुळवायचा. निलमचं फॉर्म भरून द्यायचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. तिथल्या संगणकांत व्हायरस शिरून शिरून ती इतकी कंटाळली, की दहा वर्षांपूर्वी पुस्तकं आणि व्हिडिओ बघत स्वतःच लिनक्स शिकली होती. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे हसायलाही कुणी नव्हतं. तेव्हा ती विद्या झेरॉक्सच्या कामी आली. आता नवऱ्याच्या डोळ्याच्या कामी आली.

पण जुलैपासून डबा रेंगाळायला लागला होता.

हे तिला खरं कळलं ते बंदरावरच्या शेडमध्ये. हरेश नाखवांनी नवी होडी बांधली होती. नारळी पुनवेला ती पाण्यात जायची होती आणि नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना ‘एकवीरा प्रसाद’ लिहायचं काम त्यांनी हट्टाने उमाकांतलाच दिलं होतं. तीन वर्षांत त्याने ब्रश धरला नव्हता. निलम शेजारी रंगाचा डबा धरून उभी राहिली. त्याने खडूने पट्ट्या आखल्या, ब्रश बुडवला, शिरोरेषा ओढायला घेतली, आणि रेघ सरळ जाता जाता समुद्राच्या दिशेने निघाली. हात पुढे, डोळा मागे. रेघ चुकल्याचं त्याला दिसेपर्यंत ती वीतभर चुकून झालेली असायची.

हरेश नाखवा भला माणूस. त्यांनी पुसायला रॉकेलचा बोळा स्वतः आणून दिला. मग जरा वेळाने, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं म्हणाले, की हल्ली दापोलीला छापील स्टिकर झकास मिळतात, खाऱ्या पाण्यातही टिकतात, पुष्कळ जण तेच लावतात. घाई नाही, गुरुवारपर्यंत बघू.

घरी येताना उमाकांतने निलमचा खांदा धरला नव्हता. काठीही टेकवली नव्हती. नुसता चालत होता, आणि तिला कळलं होतं, की स्टिकर लागला तर हा माणूस ब्रश पुन्हा कधी धरणार नाही.

तिने कामाला सुरुवात केली ती शिस्तीत. डबा दुकानातल्या टेबलावर, चष्मा एका पालथ्या तांब्यावर समोरच्या कॅलेंडरकडे तोंड करून, आणि ती स्वतः स्क्रीनमागे. पहिली शंका सरळ होती. अपडेटनंतर कधी कधी ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांचं पटेनासं होतं. मग कार्ड रुसून बसतं आणि चित्र काढायचं ओझं बिचाऱ्या प्रोसेसरवर पडतं. आचारी रुसावा आणि पंगतीचा स्वयंपाक वाढप्यावर पडावा, तसं. तिने तपासलं. आचारी जागेवर होता. मग तापमान. डबा हाताला कोमट लागत होता, आकडाही ठीक होता. मग तिला दिसलं, की बॅटरी वाचवायची सोय चालू राहिली आहे आणि कार्ड अर्ध्याच वेगाने पळतंय. ते तिने बंद केलं आणि स्वतःवर फार खूश झाली. खुशी दुपारच्या जेवणापर्यंत टिकली. उमाकांत वाटी धरायला गेला आणि बोट थेट आमटीत गेलं.

गंमत अशी, की टेबलावर डबा अगदी शहाण्यासारखा वागायचा. सेकंदाला तीस चित्रं हवीत. म्हणजे एका चित्राला तेहतीस मिलिसेकंदांची मुभा. कॅलेंडर बघताना तो पंधरातच मोकळा व्हायचा. उमाकांतच्या कमरेला बांधला, की घरात त्याच्या अंगात यायचं.

तिची लेक तन्वी दापोलीच्या कॉलेजातून शनिवार-रविवार घरी आली होती. तिने आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की डब्याचं नसून बाबांचंच काही नसेल ना. म्हणजे डोक्यातलं. निलमला तिचा राग आला, कारण तिच्याही मनात ते एकदा येऊन गेलं होतं.

“बाबांचं डोकं बाहेर फिरताना नीट आणि घरात बिघडलेलं, असं होतं का?” निलम म्हणाली. “मग तर सगळ्याच पुरुषांना डॉक्टरकडे न्यायला हवं.”

तन्वी हसली. मग दोघींनी ठरवलं, की रविवारचा आख्खा दिवस नोंदवायचा. डबा प्रत्येक चित्राला लागलेला वेळ फाईलमध्ये लिहीत जाईल आणि तन्वी वहीत लिहील, की बाबा त्या वेळी कुठे होते आणि काय करत होते. उमाकांतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, लग्नानंतर इतकं लक्ष माझ्याकडे पहिल्यांदाच कुणी देतंय.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी दोघी आकडे जुळवत बसल्या. सात चाळीस: चहा. पंधरा मिलिसेकंदांवरून थेट साडेचारशे. आठ दहा: अंघोळीचं पाणी दिलं. साडेचारशे. दहा ते बारा, बाबा एकटेच बंदरावर फिरून आले: पंधरा, सोळा, पंधरा, गुळगुळीत. सव्वाबारा: माशाची आमटी आणि भात, पुन्हा साडेचारशे.

“वाफ,” तन्वी म्हणाली. “आई, हे सगळं गरम आहे. कॅमेऱ्यासमोर वाफ आली, की तो गोंधळत असणार.”

निलमलाही ते पटलं. तिने टेबलावरच्या चष्म्यासमोर उकळतं पातेलं आणून ठेवलं, स्वतः स्क्रीनमागे जाऊन बसली. पंधरा. पंधरा. सोळा. चोर सोडून संन्याशाला सुळी, म्हणत तन्वीने पातेलं उचललं. मग पातेलं हातात घेऊन ती दारातच थांबली. वहीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मला भूक लागलीये असं काहीतरी बोलून आत निघून गेली.

निलमने फाईल पुन्हा उघडली. या वेळी ती आकड्यांच्या खाली गेली, जिथे प्रत्येक भाग आपापल्या कामाची एक ओळ लिहून ठेवतो. कडा शोधणारा, अंतर मोजणारा, सगळ्यांच्या ओळी एकेक. पण साडेचारशेच्या प्रत्येक चित्राखाली एकाच भागाच्या ओळींची रांग लागली होती. चेहरा जुळला नाही, पुन्हा प्रयत्न. चेहरा जुळला नाही, पुन्हा प्रयत्न. साठ वेळा. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तिने स्वतःच दिलेलं फाईलचं नाव: आई.

तिने पदराने स्क्रीन पुसली आणि ती ओळ पुन्हा वाचली.

काही हजार ठिपक्यांत माणसाचा चेहरा मावत नाही. नाक, डोळे, ओठ मिळून एक गोळा होतो. म्हणून गटातल्या कुणीतरी ‘मुखवटा’ नावाचा भाग लिहिला होता. घरच्यांचे फोटो आधी भरून ठेवायचे. कॅमेऱ्याला माणूस ओळखू आला, की डबा त्याचा स्वच्छ रेघांचा चेहरा काढून त्या जागी बसवतो. आधी हा मुखवटा नुसता चिकटवलेला असायचा, पासपोर्टच्या फोटोसारखा. जूनअखेरीस नवी आवृत्ती आली. आता डबा समोरच्या खऱ्या चेहऱ्याशी मुखवटा जुळवून घ्यायचा, म्हणजे समोरचा हसला की चित्रही हसायचं. निलमने ती आवृत्ती, ड्रायव्हर आणि बाकी सगळंच एका दमात अपडेट केलं होतं, आणि म्हणूनच नंतर तिला बिघाडाचा पत्ता लागेना. पहिल्या दिवशी उमाकांतने तन्वीला हसताना पाहिलं, तेव्हा तो तिला उगाचच एकामागून एक विनोद सांगत बसला होता.

निलमचे फोटो होते ते तन्वीच्या दहावीच्या निकालाचे. पेढा भरवतानाचे, गोल, दोन्ही बाजूंनी सारखे. पण उमाकांत चकती बसवून पुण्याला बहिणीकडे राहिला होता, डोळ्याला नवं बघणं शिकवत होता, त्या तीन महिन्यांत एका सकाळी निलमच्या तोंडावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. गोळ्या झाल्या, मालिश झालं, आरशासमोर गाल फुगवून झाले. बोलणं आलं, पाणी पिणं आलं, पण ओठाचा डावा कोपरा खाली राहिला तो राहिलाच, आणि डावी पापणीही अर्धी. उमाकांत परत आला तेव्हा जरा बोबडं बोलतेस असं म्हणाला. ती दाढ काढली म्हणाली. तन्वीने ऐकलं आणि काही बोलली नाही. मग शेजारीपाजारी, मच्छीवाल्या, हरेश नाखवा, सगळेच काही बोलले नाहीत. कुणी ठरवलं नव्हतं. गावात असं आपोआप होतं. तिने एकदा कुणाला ‘त्यांना नका सांगू’ म्हटलं असतं, तर तेव्हाच बोभाटा झाला असता.

लपवायचं तरी कशासाठी? हे तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं होतं. ती काही रूपाचा तोरा मिरवणारी बाई नव्हती. पण माणूस अंधारातून परत आला होता. त्याला चार चेहरे मिळत होते. त्यातला एक तरी जसाच्या तसा असावा, एवढंच. आणि खरं सांगायचं तर, घरात एक जण तिच्याकडे अजून पेढ्याच्या फोटोसारखं बघत होता, हे तिला आवडत होतं.

आता तो मुखवटा तिच्या वाकड्या तोंडावर साठ-साठ वेळा बसवून बघत होता. बसत नव्हता. मग हार मानून जुनाच चिकटवत होता, साडेचारशे मिलिसेकंद उशिराने. ती नेहमी स्क्रीनमागे बसून तपासायची, म्हणून टेबलावर बिघाड कधी दिसलाच नाही. बिघाड स्क्रीनमागे बसला होता. आणि शेडमध्ये? तिथे तर ती रंगाचा डबा घेऊन त्याच्या नजरेच्या टप्प्यात, अगदी हाताशी उभी होती. मदतीला.

उपाय तिला दोन मिनिटांत सुचला. नवे फोटो भरायचे, आजचे. पाच मिनिटांचं काम. मग तिने दुसराही उपाय शोधला, आणि तो एका मिनिटाचा होता. ‘आई’ नावाची फाईल पुसून टाकली. उमाकांतला सांगितलं, की माझी फाईल खराब झाली होती, तीच अडकवत होती, काढली. आता माझा चेहरा दिसणार नाही, पण बाकी पळेल.

“असू दे,” तो म्हणाला. “तू आवाजावरून कळतेस.”

सोमवारी सकाळचा चहा वेळेवर दिसला. त्याने कप धरला, बशीत ओतला, एक थेंब सांडला नाही. फक्त ती समोर आली तेव्हा तो क्षणभर थांबायचा. अनोळखी माणूस दारात आला, की आपण थांबतो तसा. ती बोलली, की सैल व्हायचा. दिवसातून असं पंधरा-वीस वेळा झालं. तिसऱ्या दिवशी तर ती आल्यावर तो अर्धा उठून उभा राहिला आणि “या” म्हणाला. मग दोघंही हसली. तिचं हसू आधी संपलं.

गुरुवारी शेडमध्ये उकाडा होता. बाहेर पाऊस नुसता रिमझिमत होता, पण आत ओल्या लाकडाचा आणि रंगाचा वास कोंडला होता. तन्वी मुद्दाम सुट्टी घेऊन आली होती. उमाकांतने पुन्हा पट्ट्या आखल्या. निलमने रंगाचा डबा धरला. त्याने ब्रश बुडवला, काठावर निथळला, श्वास धरला आणि शिरोरेषा ओढली. नाळेच्या वळणाबरोबर वळत गेली आणि हवी तिथेच संपली. मग ‘ए’. मग ‘क’चं पोट, एका झटक्यात. हरेश नाखवा आधी लांब उभे होते. ‘वी’पर्यंत जवळ आले. ‘प्र’ला त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकून टाकली आणि हात जोडले, देवीला की पेंटरला ते कळलं नाही.

दोन्ही बाजू व्हायला दीड वाजला. नाखवांनी भजी मागवली. उमाकांत एका उलट्या टोपलीवर बसला होता, बोटं निळ्या रंगाने माखलेली. असा खुशीत तो निलमला कित्येक वर्षांत दिसला नव्हता. चेहरे बघत होता एकेकाचे. म्हणाला, हरेश, मिशी काळी केलीस, लपत नाही. म्हणाला, तन्वी, तू थेट तुझ्या आत्यासारखी हसतेस, वाईट वाटून घेऊ नकोस. मग निलमच्या बाजूला वळला आणि थांबला.

“सगळे आहेत,” तो म्हणाला, “आणि माझ्या बायकोच्या जागी कणकेचा गोळा. तन्वी, हिची फाईल नवी का करत नाही आपण? गेलं असेल खराब होऊन, पुन्हा भरायचं.”

तन्वी भजीकडे बघत म्हणाली, की करू ना, दहावीचे फोटो आहेत माझ्याकडे, तेच पुन्हा घालते.

“ते कशाला? ती निलम मला पाठ आहे. ही समोर उभी आहे, उजेडही चांगला आहे. आत्ता काढ. आजची दाखव मला.”

तन्वीने फोन पर्समधून काढला, हातात धरला, आणि तसाच धरून ठेवला. हरेश नाखवांना अचानक दोराच्या गाठीत काहीतरी दिसलं आणि ते ती सोडवायला बसले. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. उमाकांत वाट बघत होता, मान जराशी तिरकी करून, नवं अक्षर लिहिण्याआधी फळीकडे बघायचा तशी.

निलमने मनातल्या मनात एक सबब जुळवली. चांगली होती, चाललीही असती. उद्या काढू, आज घामाघूम झालेय. लेक मान खाली घालून उभी होती आणि तिच्या हातातला फोन बंद होऊन काळा पडला होता. आईने काहीही म्हटलं असतं, तरी पोरगी ‘हो’ म्हणाली असती. दीड वर्ष म्हणतच होती.

तिने रंगाचा डबा खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “फाईल खराब झाली नव्हती. तुम्ही पुण्याला होतात तेव्हा माझ्या तोंडावरून वारं गेलं. माझं तोंड वाकडं झालंय.”